डीएसपी चिप पारखताना

स्पीकरफोनमधला इको काढायचा होता आणि त्यासाठी डीएसपी, म्हणजे आवाजासारख्या सिग्नलवर गणित करणारी चिप, निवडायची होती. सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झ, इकोची लांबी ६४ मिलिसेकंद, म्हणजे १०२४ टॅपचा (गुणांकांचा) अ‍ॅडाप्टिव्ह, स्वतःला जुळवून घेणारा फिल्टर. एलएमएस या जुळवणीच्या पद्धतीत प्रत्येक टॅपला दोन मॅक (गुणाकार-बेरीज) लागतात, एक फिल्टरसाठी आणि एक गुणांक सुधारायला. सेकंदाला सव्वातीन कोटींहून जास्त मॅक झाले. हाताशी आलेली फिक्स्ड-पॉइंट (अपूर्णांकाच्या बिंदूची जागा ठरलेली) चिप २०० मेगाहर्ट्झची, सायकलला एक मॅक करणारी. कागदावर सहापट क्षमता. हा हिशेब मी नेहमी करते, पण त्यावरून चिप फक्त बाद करता येते, पसंत नाही करता येत.

बोर्डाबरोबर आलेला डेमो छान चालला. तो बाजूला ठेवून फिल्टरचा लूप साध्या सीमध्ये लिहिला, जुन्या सॅम्पलसाठी सर्क्युलर बफर (टोकाला पोचलं की सुरुवातीला परतणारा) आणि इंडेक्सवर नेहमीचा मॉड्युलो, म्हणजे भागाकाराची बाकी. फ्रेम (एकदम हाताळायचा आवाजाचा तुकडा) सुरू होताना एक पिन हाय, काम संपलं की लो, आणि वेळ मोजायला पिनवर ऑसिलोस्कोप. फ्रेम १० मिलिसेकंदांची होती. पिन खाली येईचना! पहिली फ्रेम संपायच्या आत दुसरी दारात उभी.

मग असेंब्ली लिस्टिंग, म्हणजे कंपायलरने सीवरून बनवलेल्या सूचनांची यादी, उघडली. या कामात सगळ्यात जास्त शिकवतं ते हेच. चिपमध्ये सर्क्युलर अ‍ॅड्रेसिंग हार्डवेअरमध्येच आहे, पॉइंटर बफरच्या टोकाला पोचला की फुकटात मागे फिरतो. कंपायलरने मात्र माझ्या मॉड्युलोसाठी लूपच्या आत भागाकाराचं फंक्शन बोलावलं होतं, प्रत्येक टॅपला एकदा. ते काढून कंपायलरचं सर्क्युलर इन्ट्रिन्सिक (थेट हार्डवेअरची सोय वापरणारं फंक्शन) वापरलं. दोन बफर एकमेकांवर पडत नाहीत हे 'रिस्ट्रिक्ट' लिहून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने दोन्ही वाचन एकाच सायकलमध्ये बसवली. कोणता डेटा कुठल्या मेमरीत जाईल ते ठरवणारी लिंकर फाइलही बदलली. मूळ फाइलने सगळा डेटा चिपबाहेरच्या, संथ एसडीरॅम मेमरीमध्ये टाकला होता. गुणांक आणि बफर मिळून जेमतेम ४ किलोबाइट, ते आतल्या मेमरीच्या दोन वेगळ्या बँकांत ठेवले. पिन २ मिलिसेकंदांच्या आसपास खाली येऊ लागली.

सिम्युलेटर (चिपची संगणकावरची नक्कल) हे आधीच सांगेल असं वाटू शकतं. पण चिपसोबत आलेला सिम्युलेटर मेमरीची वाट पाहण्यात गेलेल्या सायकली धरतच नव्हता. त्याचे आकडे अल्गोरिदम तपासण्यापुरते ठीक, वेळेच्या बजेटला अजिबात नाहीत.

अचूकतेकडेही लक्ष द्यावं लागतं. क्यू१५, म्हणजे अपूर्णांकाला १५ बिट देणाऱ्या मांडणीतल्या दोन संख्यांचा गुणाकार क्यू३० मध्ये येतो. बेरीज साठवणाऱ्या ४० बिटांच्या अ‍ॅक्युम्युलेटरला वर ८ गार्ड (जादा) बिट असतात, म्हणजे वाईटात वाईट धरलं तर २५६ बेरजांपर्यंत ओव्हरफ्लो नाही. आमचे टॅप १०२४. गुणांकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज आटोक्यात ठेवली की भागतं, पण ते मुद्दाम तपासावं लागतं. गुणांक सुधारताना राउंडिंगऐवजी नुसतं ट्रंकेशन केलं, म्हणजे खालचे बिट कापून टाकले, तर बारीक बदल एकाच दिशेने झुकतात आणि इको थोडा शिल्लक राहतो, हे कानालाही जाणवलं.

डीबगरने मात्र निराशा केली. ब्रेकपॉइंटवर कोअर थांबतो, पण कोडेककडून (आवाजाचे आकडे बनवणाऱ्या चिपकडून) येणारा डीएमए, म्हणजे कोअरच्या मदतीशिवाय होणारी डेटाची ने-आण, थांबत नाही. पुन्हा चालू करेपर्यंत आळीपाळीने भरणाऱ्या पिंग-पाँग बफरमधला आवाज कधीच पुढे गेलेला असतो. न थांबता व्हेरिएबल वाचायची सोय मेनूत होती, पण दर थोड्या वेळाने जेटॅगचं (डीबगर चिपला जोडणाऱ्या वाटेचं) कनेक्शन तुटायचं. एराटा (चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी) वाचल्यावर कळलं की त्या आवृत्तीच्या सिलिकॉनमध्येच तसा दोष नोंदलेला आहे. एराटा डेटाशीटच्याही आधी वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी दुसऱ्या कंपनीची चिप घेतली, १५० मेगाहर्ट्झची. तोच सी कोड तिच्या कंपायलरने जवळजवळ न बदलता हार्डवेअर लूपमध्ये (ज्यात फेऱ्या मोजण्याचं काम चिपच करते) बसवला, आणि तिचा डीबगर आवाज चालू असताना गुणांकांचा आलेख काढून दाखवतो. इको जुळत जाताना तो आलेख हळूहळू आकार घेतो, ते बघत बसावंसं वाटतं.