पाच हजार रुपयांचे घर

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे आमच्या वर्गातील बहुतेकांच्या आया घरी विड्या वळत आणि वडील यंत्रमागावर पाळी करीत, तिथे अर्थशास्त्रासारखा विषय मुलांना गोडी लावून शिकवता येतो, यावर बाहेरच्यांचा सहसा विश्वास बसत नाही. भूगोलाला जोडून आलेली ती मोजकी प्रकरणे परीक्षेच्या तोंडावर व्याख्या पाठ करून उरकायची, अशीच सर्वत्र रीत होती. २०१६ साली आम्ही नववीत असताना बाईंनी ती मोडली. (बाईंना आपले नाव छापलेले खपत नाही, म्हणून ते देत नाही.)

त्यांची पहिली अट अशी की, वर्गात कोणीही आपल्या घरचे उत्पन्न सांगायचे नाही. दारिद्र्याचा धडा शिकवताना "तुझे वडील किती कमावतात?" असे विचारले की मूल एक तर खोटे बोलते किंवा मान खाली घालते, आणि धडा तिथेच संपतो. म्हणून त्यांनी फळ्यावर पाच माणसांचे एक काल्पनिक कुटुंब मांडले. दारिद्र्य कसे मोजायचे हे ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साठी शहरी दारिद्र्यरेषा माणशी दरमहा १,००० रुपये खर्चाची होती. त्या हिशेबाने या कुटुंबाच्या वाट्याला ५,००० रुपये आले. एवढ्यात महिना काढून दाखवा, असे सांगून त्यांनी आमचे गट पाडले.

खोलीचे भाडे आणि वीजबिल मांडताच रक्कम निम्म्यावर आली. रेशनचा तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो, हे मुलींना तोंडपाठ होते; डाळ, गोडेतेल आणि शेंगा मात्र दुकानातूनच आणाव्या लागतात, हेही त्यांनीच ठणकावून सांगितले. एका गटाने दवाखान्यासमोर शून्य लिहिले. बाईंनी ते खोडले नाही; खडूने त्याभोवती गोल काढला आणि त्या पुढे गेल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "बाई, रेषा पाच वर्षांपूर्वीची आणि भाव आजचे, असे कसे चालेल?" आदल्याच वर्षी तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेलेली आम्ही पाहिली होती. बाई बहुधा या प्रश्नाचीच वाट पाहत होत्या, कारण भाववाढ आणि ती मोजणारा निर्देशांक त्यांनी त्याच तासाला, त्याच डाळीवर शिकवायला घेतले. पुढच्या तासाला त्यांनी याच कामासाठी नंतर नेमलेल्या रंगराजन समितीचा १,४०७ रुपयांचा आकडा फळ्यावर लिहिला. वर्ष तेच, शहरी माणसे तीच, मग दोन समित्यांचे दोन आकडे का, यावर आमचे भांडण मधल्या सुट्टीतही चालू राहिले.

व्याजाचा धडा अधिक नाजूक होता, कारण रोजच्या हप्त्याने पैसे देणाऱ्यांची ये-जा गल्लीत सगळ्यांनाच परिचयाची होती. हातात ९०० रुपये ठेवायचे आणि १०० दिवस रोज १० रुपये वसूल करायचे, असा तो व्यवहार. आम्ही एकमुखाने सांगितले, व्याज अकरा टक्के. बाईंनी विचारले, "पन्नासाव्या दिवशी सावकाराचे किती पैसे तुमच्याकडे उरले?" मुद्दल रोज घटत जाते, म्हणजे सरासरीने जेमतेम ४५० रुपयेच वापरायला मिळतात, त्यावर १०० दिवसांत १०० रुपये, म्हणजे वर्षाला ८० टक्क्यांच्या वर. मुलींनी ते गणित घरी आयांना करून दाखवले. त्यामुळे कर्जे थांबली, असे मुळीच झाले नाही. "बँक ९०० रुपयांसाठी दारात येते का?" हे आयांचे उत्तर बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले आणि पतपुरवठ्याचे प्रकरण तिथून सुरू केले.

८ नोव्हेंबरला ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, विड्यांची रोख मजुरी अडकली, आणि पैसा म्हणजे 'विनिमयाचे माध्यम' ही व्याख्या कोणालाच पाठ करावी लागली नाही. या साऱ्यात पुढची प्रकरणे मात्र घाईत उरकली गेली. तशी तक्रार काही पालकांनी केली आणि ती खोटी नव्हती.

आज मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो. अर्जदाराला हप्ता किती, एवढेच हवे असते. मी मात्र महिन्यागणिक उरणाऱ्या मुद्दलाचा तक्ता त्याच्यापुढे ठेवून समजावत बसतो, आणि रांग खोळंबली म्हणून शाखाधिकाऱ्यांची बोलणी खातो.