काळा खोका आणि काळवंडलेली जर

पैठणीसाठी खोका हवा होता, आणि तोही काळ्यावर काळा. बाहेरून मखमली स्पर्शाचं लॅमिनेशन, त्यावर काळ्याच चकचकीत वार्निशात उमटवलेला मोर, झाकणाला चुंबक, आत काळं सुती अस्तर आणि साडी नेमकी बसावी म्हणून खाच पाडलेला फोम. येवल्याच्या पैठण्या परदेशातल्या मराठी घरांत पाठवणाऱ्या एका तरुण उद्योजिकेची ही मागणी होती. नमुना त्यांनी आधीच एका ठिकाणाहून करून आणला होता. माझ्याकडून त्यांना त्याचीच सुधारलेली आवृत्ती हवी होती.

खोका देखणा होता, यात शंका नाही. गेली काही वर्षं महागड्या घड्याळांपासून अत्तरांपर्यंत हे काळं, गप्प रूप चालतंय. ठळक सोनेरी फॉइल मागे पडलं. नाव मोठ्यानं सांगायचं नाही, बोट फिरवल्यावर कळलं पाहिजे. मला ही दिशा मनापासून आवडते. पण खोका हातात आला की मी आधी त्याला तराजूवर ठेवते. साडी पाऊण किलोची होती आणि तिचा खोका सव्वा किलोचा. कप्पा बोर्ड म्हणजे जाड कडक पुठ्ठा, चुंबक, चुंबकासमोरची लोखंडी पट्टी, फोम, आणि उंची वाढवायला तळाखाली आणखी एक खोटा तळ.

वजनातून श्रीमंती दाखवायचे दिवस सरत आलेत. रुइनार या जुन्या शॅम्पेन घराण्यानं २०२० मध्ये बाटलीचा भारी खोका काढून टाकला आणि बाटलीच्या अंगाला चिकटून बसणारं कागदी कवच आणलं. ते फक्त ४० ग्रॅमचं आहे, आधीच्या खोक्याच्या नऊ पट हलकं. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. आतली वस्तू मोठी भासावी एवढ्यासाठीच दिलेल्या दुहेरी भिंती आणि खोटे तळ २०३० पासून तिथे चालणार नाहीत. या बाईंची निम्मी गिऱ्हाइकं जर्मनी-नेदरलँड्सची. शिवाय विमानानं जाणाऱ्या कुरिअरचा हिशेब आकारावरही होतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं, उत्तर किलोत येतं. ४२ बाय ३४ बाय ९ चा हा खोका अडीच किलोच्या वर जात होता. प्रत्येक साडीमागे बाई नुसत्या हवेचं भाडं भरणार होत्या.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, भाडं मी भरीन. पण खोका उघडताना माणसाचा श्वास थांबला पाहिजे."

मला खरी चिंता वेगळीच होती. आतलं अस्तर सुती आणि गडद काळं होतं. सुती कापड स्वस्तात पक्कं काळं करायचं तर बहुतेकदा गंधकाचे रंग वापरतात. गंधक आणि चांदी यांचं काय होतं ते ज्यांच्या घरी चांदीची भांडी आहेत त्यांना माहीत आहे. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. ‘टेस्टेड’ म्हणतात त्या जरीत आत तांबं असतं. दोन्ही काळवंडतात. संग्रहालयांत कपाटाचं लाकूड, कापड, गोंद तपासायची एक पद्धत आहे. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये मांडली. बंद नळीत तो पदार्थ, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे ठेवायचे, ६० अंशांवर २८ दिवस तापवायचे आणि धातूचं काय झालं ते पाहायचं. आमच्याकडे तशी भट्टी नाही. मी लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरण्या घेतल्या. एकीत त्या अस्तराचा तुकडा, एकीत फोम, एकीत पुण्याच्या हातकागद संस्थेचा चिंध्यांपासून केलेला बिनरंगी कागद, आणि एकीत काहीच नाही. प्रत्येकीत ओल्या कापसाचा बोळा आणि वर टांगलेली तीच जर. भर उन्हाळ्यात त्या बरण्या कारखान्याच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर राहिल्या.

उघडायच्या होत्या त्या येवल्यातच. बाईंना मागाशेजारी खोक्याचे फोटो काढायचे होते, म्हणून आम्ही दोघी तिथे गेलो. विणकरकाकांच्या घरी पुढच्या खोलीत माग, मागावर नारळी काठाची जांभळी साडी अर्ध्यावर आलेली. सूनबाई पदरातला मोर भरत होत्या; रंगारंगाच्या छोट्या कांड्या, एकेक धागा शेजारच्या धाग्यात अडकवत जायचं. त्यामुळेच अस्सल हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो.

मी बरण्या ओळीनं मांडल्या आणि कुठल्या बरणीत काय आहे ते न सांगता जरीचे तुकडे काकांच्या हातात दिले. त्यांनी ते खिडकीपाशी नेले. रिकाम्या बरणीतला आणि हातकागदाजवळचा तुकडा बाजूला ठेवला, हे ठीक म्हणाले. फोमजवळचा फिका पडला होता. चौथा तुकडा बोटांत फिरवून त्यांनी सुनेला हाक मारली. सोनेरीचा मागमूस नव्हता, भिजल्या राखेसारखा रंग आला होता.

"ही जर कशानं मेली?" त्यांनी विचारलं.

मी खोक्याचं झाकण उघडून अस्तराकडे बोट दाखवलं. बाई काही बोलल्या नाहीत. काका मात्र बोलले, आणि चिडूनच बोलले. "आम्ही चार-चार महिने बसतो हो. ही साडी लेकीला जाते, नातीला जाते. तिला असल्या पेटीत कोंडून देणार तुम्ही?"

बरणीतली ओल आणि उष्णता कपाटात नसते, हे मी लगेच सांगितलं. जे इथे उन्हाळ्याभरात झालं त्याला घरात वर्षं लागतील. पण पैठणी वर्षानुवर्षंच ठेवायची असते.

मग काकांनी आमच्यासमोर घडी घातली. हा भाग मी विसरणार नाही. प्रत्येक मोडणीत त्यांनी मऊ धुतलेल्या मलमलीची सैल गुंडाळी ठेवली, म्हणजे जरीवर धारदार दुमड पडत नाही आणि तार तुटत नाही. "दर काही महिन्यांनी घडी बदलायची," सूनबाई म्हणाल्या, "हे कोणी सांगतच नाही दुकानात." मी टेप काढून गुंडाळीसकट घडीचं माप घेतलं. खोक्याचं माप तिथे ठरलं: ३८ बाय २८ बाय ५. कुरिअरच्या हिशेबात एक किलोच्या जरा वर.

पुढचे दोन तास त्याच ओट्यावर चर्चा झाली. फोम गेला, चुंबक गेला. झाकण आता कागदाच्या जिभेनंच अडकतं. लॅमिनेशनही गेलं, कारण ती प्लॅस्टिकची फिल्म असली की खोक्याचा कागद पुन्हा लगद्यात घालणं अवघड होतं. आता बोर्डावर सुती हातकागद आणि त्यावर शाईशिवाय, नुसत्या दाबानं उठवलेली बांगडी-मोराची नक्षी. साडी बिनब्लीच मलमलीत, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला घडी कशी बदलायची त्याची चार चित्रं. ती सूनबाईंच्या हातांवरून काढायची ठरली.

रंगावर मात्र बाई अडून बसल्या. काळा नाही तर ओळख कशी राहणार? मी हर्मेस या महागड्या फ्रेंच घराण्याचं उदाहरण दिलं. त्यांचा जगप्रसिद्ध नारिंगी खोका दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत आला, कारण पुठ्ठा त्याच रंगाचा मिळत होता. रंग नंतर टिकवल्यामुळे तो त्यांचा झाला. हातकागदाचा मूळ सायीसारखा रंग तसाच ठेवू, असं माझं म्हणणं. बाईंना तो लग्नपत्रिकेसारखा वाटतो. सूनबाईंनी मागावरच्या जांभळ्याकडे बोट दाखवलं. तो रंग बाहेरच्या पट्टीवर चालेल, साडीला न लागणाऱ्या बाजूनं, पण आधी त्या शाईचीही बरणी भरायची, असं मी म्हटलं आणि बाईंनी मान डोलावली.

फोटो त्या दिवशी काढले नाहीत. काळ्या खोक्यांची छपाई थांबवायला बाईंनी ओट्यावरूनच फोन लावला.