आई, हा रस्ता नाहीये!

परवाची गोष्ट. पाऊस भुरभुरत होता आणि हातात दोन जड पिशव्या, म्हणून नवी पेठेतून आईकडे जायला चक्क रिक्षा केली. एरवी आम्ही स्कूटरवर जातो, चिमी (ब्लॉगवर खरं नाव नको, वय साडेचार) पुढे उभी राहून सगळ्या जगाला टाटा करत असते. नेहमीच्या गल्लीत खोदकाम चालू होतं, म्हणून रिक्षावाल्या काकांनी पुढच्या गल्लीतून घेतली, तर ही बया एकदम किंचाळली, "आई, हा रस्ता नाहीये! पोपट आलाच नाही!"

पोपट म्हणजे एका बंद दुकानाच्या शटरवर रंगवलेला पोपट. मी लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीतून जातेय, मला तो कधी दिसलेला नाही. काकांनी समजावलं, "अगं बाळा, भिकारदास मारुतीलाच चाललोय," पण हिचं तोंड रडवेलं ते रडवेलंच. शेवटी मारुती आला. ती गप्प झाली, दोन मिनिटं विचार केला आणि मला म्हणाली, "म्हणजे मारुती दोन आहेत का? एक पोपटवाला आणि एक बिनपोपटाचा?"

मी हसले खरी, पण रात्री झोप लागेना. कारण तिचं लॉजिक चुकलेलंच नव्हतं हो! तिच्या डोक्यात आजीचं घर म्हणजे एक माळ आहे, लाल गेट, मग उसाचा रस, मग पोपट, मग मारुती, मग आजी. मधला मणी निघाला की माळ तुटली. एकाच जागी दोन बाजूंनी पोचता येतं ही गोष्ट माळेत बसत नाही, त्याला वरून बघितलेला नकाशा लागतो.

मग काय, वाचत बसले. 1975 मध्ये सीगल आणि व्हाइट या दोघांनी मुलांबद्दल साधारण हेच मांडलं होतं, की आधी नुसत्या खुणा लक्षात राहतात, मग खुणांना जोडणारे रस्ते, आणि मग कधीतरी ते सगळे रस्ते एकमेकांत गुंफून अख्ख्या परिसराचा आराखडा तयार होतो. नंतरच्या लोकांनी म्हटलं की हे इतकं पायरी-पायरीने होत नाही, थोडंथोडं सगळं एकदमच चालू असतं. मला दोन्ही पटतं. आणि खरं सांगू का, आम्ही पेठांतली माणसं त्या पहिल्या पायरीवरून फारशी पुढे सरकलेलीच नाही. पत्ता विचारा, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. उत्तरेला दोनशे मीटर असं पेठेत कुणी सांगितलं तर लोक त्याच्याकडे संशयाने बघतील.

चिमी रांगायला लागली तेव्हाचं आठवलं. त्याआधी तिला वस्तू कुठे आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि रांगायला लागल्यावर आठवड्याभरात मोबाईलचा चार्जर कुठल्या टेबलामागे आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. यावर लिंडा अक्रेडोलो या बाईंचा 1978 चा एक भारी प्रयोग आहे. खोलीत दोन बाजूंना दोन खिडक्या, बझर वाजला की ठरावीक एका खिडकीत गंमत दिसणार. बाळ शिकतं की बझर वाजला की, समजा, डावीकडे बघायचं. मग बाळाला खोलीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन उलटं बसवायचं आणि बझर वाजवायचा. सहा महिन्यांची बाळं परत डावीकडेच बघतात, म्हणजे चुकीच्या खिडकीकडे, कारण त्यांच्यासाठी जग स्वतःच्या अंगाला चिकटलेलं असतं. सोळा महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं बरोबर खिडकीकडे वळतात. मधल्या काळात बाळ हलायला लागलेलं असतं, आणि आपण हललो तरी खिडकी हलत नाही हे कळायला आधी आपण हलावं लागतं ना.

दुसरा प्रयोग मी घरीच करून बघितला, बळीचा बकरा माझा भाचा, वय अडीच. चपलांच्या खोक्यात आमच्या हॉलचं मॉडेल केलं, काडेपेटीचा सोफा, रिकाम्या डबीचा टीव्ही. छोटा टेडी काडेपेटीच्या मागे लपवला, त्याला दाखवला, आणि सांगितलं की मोठा टेडी पण खऱ्या हॉलमध्ये अगदी याच जागी लपलाय, शोध! साहेब पडद्यामागे बघून आले, फ्रीज उघडायला निघाले, सोफ्याकडे ढुंकून बघितलं नाही. पण छोटा टेडी कुठाय म्हटल्यावर काडेपेटीमागून फटकन काढून दिला. म्हणजे विसरला नव्हता. ज्युडी डीलोश यांनी 1987 मध्ये हेच दाखवलं होतं, अडीच वर्षांची मुलं इथे अडकतात आणि तीन वर्षांची आरामात जमवतात. खोकं म्हणजे एक खेळणं आणि तेच खोकं म्हणजे आपला हॉल, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात धरणं त्या सहा महिन्यांत कधीतरी जमायला लागतं. मला सगळ्यात आवडला तो त्यांचा 1997 चा पुढचा प्रयोग, त्यात मुलांना थाप मारली की हे मशीन खोली आकसवतं, म्हणजे ही छोटी खोली हीच ती मोठी खोली, आणि अडीच वर्षांच्या मुलांना पटापट सापडायला लागलं! प्रतीक समजायची गरजच उरली नाही, जादू झाली की काम झालं. नकाशा वाचणं किती अवघड असेल याचा यावरून अंदाज येतो. आपण मात्र मुलांना फोनमधला निळा ठिपका दाखवून सांगतो, बघ हे आपण.

आता गावाकडचं सांगते, कारण माझं डोकं तिथे पूर्ण फिरलं. नवऱ्याचं गाव साताऱ्याकडे. मे महिन्यात गेलो होतो, सासूबाई आतून ओरडल्या, "मावळतीच्या कोनाड्यात काडेपेटी हाय बघ," आणि मी बावळटासारखी चारही कोनाड्यांत हात घालत उभी. शेजारचा सात वर्षांचा पोरगा आला आणि न बघता काढून दिली. तिथे सगळं असंच चालतं, उगवतीला सरक, वरच्या अंगाचा बांध, खालच्या अंगाची विहीर. डावं-उजवं फार कुणी म्हणत नाही, कारण डावं कुणाचं, माझं की तुझं? बनारसच्या मुलांवर रमेश मिश्र आणि पियर डासेन यांनी असंच काम केलंय, तिथली पुष्कळ मुलं बंद खोलीत बसूनसुद्धा वस्तूंची जागा पूर्व-पश्चिमेत सांगतात आणि पूर्व-पश्चिमेतच लक्षात ठेवतात. आमच्या चिमीला डावं-उजवं पण धड येत नाही आणि उगवत कुठे ते तिच्या आईलाच माहीत नाही. फ्लॅटमध्ये सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून येतो, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान.

मेंदूतलं थोडक्यात सांगते, मी काही डॉक्टर नाही. 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग) अशा पेशी दिसल्या ज्या उंदीर ठरावीक जागी असला की पेटतात. 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात दुसऱ्या पेशी सापडल्या, त्या समान अंतरावर जाळी मारल्यासारख्या पेटतात. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. पण माझ्या कामाचं आहे ते 2010 चं, तेव्हा उंदरांच्या पिल्लांवर बघितलं गेलं की तोंड कुठल्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी पिल्लू हिंडायला लागतं तेव्हाच तयार असतात, जागेच्या पेशी हळूहळू पक्क्या होतात आणि ती जाळी सगळ्यात उशिरा येते. आता उंदीर आणि चिमी यात फरक आहे (कधीकधी नसतोही), पण रिक्षा वळली ते तिला लगेच कळलं आणि आजीचं घर लांब की शाळा लांब हे अजून तिच्या मूडवर ठरतं, हे मला ओळखीचं वाटलं.

शाळेचा रस्ता तर तिला अजिबात येत नाही, वर्ष होईल आता. व्हॅनमध्ये आडव्या सीटवर, मधे बसून, सहा दप्तरांच्या मागे. दिसणार काय तिला? 1979 मध्ये अक्रेडोलो आणि फेल्डमन यांनी दाखवलं होतं की बालवाडीच्या वयाची मुलं स्वतः हिंडून शोधतात तेव्हा जागा जास्त लक्षात ठेवतात, मोठ्यांनी हात धरून नेलं की कमी. हात सोडला पाहिजे हे मलाही कळतं, पण आमच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक बघता मी काही तो सोडणार नाहीये. म्हणून मधला मार्ग काढला, हात धरायचा पण पुढे तिने चालायचं. दर रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, आजीकडे चालत. मी काही बोलायचं नाही.

पहिल्या रविवारी पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. परत येताना तर ती ठाम होती की हा वेगळाच रस्ता आहे, आणि एका अर्थी होताच, कारण उलट्या बाजूने पोपट दिसतच नाही, शटर वळणाच्या आड जातं. माझे आजोबा लहानपणी रानात गुरं घेऊन जायचे, त्यांचा एक नियम होता, पुढं जाताना मागं वळून बघत जावं, परत येताना रान तसं दिसतं. हे मी तिला सांगितलं. तिला तो खेळच वाटला.

गेल्या रविवारी प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागे बघत बघत गेलो, लोक बघत होते की कुणी पाठलाग करतंय का यांचा. मारुती ओलांडल्यावर ती पुन्हा गर्रकन वळली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, हा तोच मारुती आहे. रिक्षा त्या बाजूनी आली होती."

मग चार पावलं गेल्यावर, "पण त्या काकांना पोपट नाही दिसला, बिचारे."