आमची वाटचाल : आठ जणांची टेकडी

२०१७ च्या जूनमध्ये सोसायटीतल्या सहा जणांना घेऊन मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेले. पैसे घेण्याचा विचारही मनात नव्हता. पहिला पाऊस होऊन चार दिवस झाले होते आणि पायवाटेच्या कडेला काळी मुसळी फुलली होती. मातीला टेकलेलं, सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. नीट बघायचं तर गुडघे टेकावेच लागतात. आमच्यातल्या एक काकू पंधरा वर्षं रोज त्याच वाटेने फिरायला येत होत्या. त्या खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, हे इतकी वर्षं माझ्या पायाखाली होतं?" पुढच्या रविवारी त्या आणखी चौघींना घेऊन आल्या.

वर्षभराने मी नोकरी सोडली आणि लोकांना टेकडीवर नेऊन झाडं-पाखरं दाखवायच्या फेऱ्या हाच धंदा केला. एक मैत्रीण भागीदार झाली, ती हिशेब बघते आणि माझ्यापेक्षा झाडं जास्त ओळखते.

वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. एका बाजूला कोथरूड, दुसऱ्या बाजूला पाषाण. लोक तिथे व्यायामाला जातात, ते चांगलंच आहे. पण सगळं हिरवं म्हणजे जंगल, हा समज आम्हाला आधी दूर करावा लागतो. टेकडीवर लागवडीतून आलेलं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, मूळचं परदेशी झाड) भरपूर आहे आणि त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. खरी टेकडी आहे ती सालई, कांडोळ, गणेरी या इथल्या मूळच्या झाडांत. सालईची साल कागदासारखी सुटते, हाताला लागते तेव्हा मुलं हमखास हरखतात. कांडोळाचं खोड पहाटेच्या अंधारात इतकं पांढरं दिसतं, की नवीन माणूस दचकतो. आणि गणेरीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसताना मोठाली पिवळी फुलं येतात. तिच्यासाठी तरी एकदा भर उन्हाळ्याच्या तोंडावर टेकडी चढावी, असं मी सगळ्यांना सांगते.

धंद्यात आमच्याकडून एक मोठी चूक झाली. एका कंपनीने बेचाळीस जणांची सहल ठरवली. तेवढ्यात आमचा तीन महिन्यांचा खर्च निघणार होता, म्हणून हो म्हटलं. जूनचा दुसरा आठवडा, नवरंग नुकताच दक्षिणेकडून आलेला. पक्षी कोंबडीच्या पिलाएवढा, पोटाशी लाल, आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ झुडपातून येते. तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताची चिमणी' म्हणतात ते त्यामुळेच. बेचाळीस जणांना तो दिसेना, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर त्याचीच शीळ मोठ्याने लावली. तो आला. एकदा, दोनदा, पाच वेळा. टाळ्या पडल्या. मी तिथेच उभी होते आणि मी थांबवलं नाही, हे मला अजून टोचतं. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो भांडायला येतो. ऐन विणीच्या दिवसांत चारा सोडून, जोडीदाराला सोडून येतो. त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं : एका फेरीत आठच माणसं, आणि आवाज वाजवून पक्षी बोलावणं बंद. त्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर आलं. दोन फोटोग्राफर नेहमी यायचे, तेही यायचे थांबले.

त्याच सुमारास शांत बसण्याची वीस मिनिटं सुरू झाली. दगडखाणीच्या वरच्या अंगाला आम्ही बसतो, एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर. पहिली पाच मिनिटं कुणी घड्याळ बघतं, कुणी खोकतं. सातव्या-आठव्या मिनिटाला पाखरं आपल्याला विसरतात. नाचण शेपटी पसरून हातभरावर येतो. खालून पौड रस्त्याची घरघर येतच असते, पण तिच्यावरून पावशाची हाक ऐकू यायला लागते. उठताना कुणालाच बोलावंसं वाटत नाही. लोक पैसे देतात ते या वीस मिनिटांचे, असं आता माझं ठाम मत आहे.

२०२० चं वर्ष बसून काढलं. त्यानंतर मागणी वाढली, म्हणून सिंहगडाच्या पायथ्याची दरी आणि हिवाळ्यात नदीकाठचं कवडी पाट घेतलं. दरीतून उतरलं की आतकरवाडीत एका मावशींकडे पिठलं-भाकरी, त्याचे पैसे थेट त्यांच्या हातात. कवडीला नेताना मात्र मी आधीच सांगते, की पाण्याला वास येईल. शहराचं सांडपाणी मुळा-मुठेतून तिथे पोचतं. हिमालयापलीकडून आलेला केशरी चक्रवाक प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कडेने चरताना दिसतो. हे दाखवू नये, असं काहींनी सुचवलं. आम्ही दाखवतो.

यंदाच्या फेऱ्या पहिल्या पावसानंतर सुरू होतील. पहाटे पावणेसहाला पायथ्याशी जमायचं. मळकट रंगाचे कपडे, घरची पाण्याची बाटली, अत्तर नको. जागा आठच. गेल्या वर्षी ज्यांना मिळाली नाही त्यांना आधी विचारू. नवरंग आला की कळवतेच.