शहराचं भाषण

आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात स्वागत, प्रास्ताविक, अहवाल हे सगळं रीतसर होतं. हिशेब मी वाचतो, त्यामुळे तो लांबत नाही एवढं छातीठोक सांगतो. माझा जीव अडकलेला असतो त्यानंतरच्या भाषणात. मंडळातल्याच कुणीतरी एक शहर निवडायचं आणि गाण्याबजावण्यानं त्याचं काय भलं केलं, हे पाऊण तासात सांगायचं. आम्ही त्याला नुसतं 'शहराचं भाषण' म्हणतो.

पहिल्या वर्षी आमच्या हार्मोनियमच्या बाई लाहोरवर बोलल्या होत्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली तिथं गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ते चालवलं लोकांच्या मदतीवर. बाई म्हणाल्या, दरबारात ऐकणारा एक असतो, शहरात तो घडवावा लागतो. एवढं बोलून त्या थांबल्या आणि सभागृहात कुणी हललं नाही. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

हँबर्गचं वर्ष मात्र वादाचं ठरलं. जुन्या गोदामावर उभारलेलं तिथलं एल्बफिलहार्मोनी संगीतगृह २०१७ मध्ये खुलं झालं. शहराचा वाटा सुरुवातीला ७ कोटी ७० लाख युरो धरला होता, तो जवळपास ७९ कोटींवर गेला. वक्ता इमारतीच्या प्रेमात होता. मी खजिनदार, मला घामच फुटला. तरी बंदराच्या त्या ओसाड टोकाला माणसं येऊ लागली, हे मान्य करावं लागलं.

मला स्वतःला मेडेलिनचं भाषण जास्त भिडलं. कोलंबियातलं हे शहर एके काळी खुनांसाठी कुप्रसिद्ध होतं. १९९० च्या दशकात महापालिकेनं वस्त्यावस्त्यांत संगीतशाळा सुरू केल्या. भाषण करणारी मुलगी आमच्याच तबल्याच्या वर्गातली. ती म्हणाली, संध्याकाळी पोरगं कुठं आहे हे आईला ठाऊक असणं, हाही विकासच. संगीतानं गुन्हे थांबले असा दावा तिनं केला नाही, हे मला विशेष आवडलं. टाळ्यांच्या भरात माणूस वाहवतो.

गेल्या वर्षीचा विषय रुक्ष वाटला होता: इंग्लंडच्या नगररचना धोरणात २०१८ पासून असलेलं एक तत्त्व. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी घरं बांधायची, तर आवाज आत येऊ नये याची तजवीज बांधणाऱ्यानं करायची. आधीपासून वाजवणाऱ्याला गप्प बसवायचं नाही. मोठं सभागृह कधीही बांधता येतं, पण शंभर माणसं मावतील अशी खोली एकदा बंद झाली की तिथं चुकतमाकत शिकणारे कलाकारही जातात. हे ऐकायला हवं होतं ते नगररचनेतले अधिकारी सत्कार होताच उठले. पहिल्या रांगेतल्या पाच खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. गाणं सुरू व्हायच्या वेळी मात्र दारात गर्दी! अशांची नावं मी घेत नाही, पण मला ती पाठ आहेत.

आता आभार, कारण व्यासपीठावर दरवर्षी कुणीतरी राहून जातं. ध्वनिव्यवस्था सांभाळणारे दोघे भाऊ. तानपुरे पहाटेच जुळवून ठेवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ गायिका. सतरंज्या घालणारी आणि (हे कुणी बघत नाही) परत गुंडाळणारी तबल्याच्या वर्गातली मुलं. निमंत्रणांवर पत्ते लिहिणारे निवृत्त मास्तर. दोन वर्षं निवेदन करून परगावी गेलेली ती मुलगी. पडदा अडकला तेव्हा शिडीवर चढलेले अनोळखी गृहस्थ.

आणि इमारतीचे रखवालदार. त्यांनी रात्री दहानंतरही तळमजल्याची खोली उघडी ठेवली म्हणून आमचा सराव झाला. शेजाऱ्यांची तक्रार आली तेव्हा तेच वर जाऊन समजूत घालून आले. शहराच्या भाषणाला ते दाराशी उभे राहतात. यंदा त्यांच्यासाठी एक खुर्ची धरून ठेवायची, पहिल्या रांगेत. तिथं जागा असतेच.