सोळाच्या आतली मुलं

बुधवार, १० डिसेंबर २०२५. सकाळी डबे भरत होते, तेवढ्यात धाकटा टॅब घेऊन स्वयंपाकघरात आला. "आई, यूट्यूबमधून मी बाहेर पडलोय आणि परत आतच जाता येत नाहीये." चौदा वर्षांच्या ताईचं इन्स्टाग्राम आदल्या आठवड्यातच बंद झालं होतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही न बोलता दप्तर उचललं.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटमध्ये राहतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये केलेला कायदा त्या दिवशी लागू झाला: १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येणार नाही. सुरुवातीच्या यादीत दहा नावं होती. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट होते आणि यूट्यूबही होतं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. कायदा मोडला तर दंड कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा आईवडिलांना शिक्षा नाही.

संगमनेरहून मावसबहिणीचा फोन आला. "बरं झालं बाई, तुमचं काम सरकारनेच केलं." तिच्या मुलाच्या हातातून फोन सुटत नाही, त्यामुळे तिला हेवा वाटणं मी समजू शकते. पण माझं काम त्या दिवसापासून वाढलं. ते कसं, हे तुम्हाला सांगायचंय, कारण इथली बातमी तिकडे पोचते तेव्हा त्यात एवढंच असतं की बंदी आली.

धाकटा अकरा वर्षांचा. यूट्यूबवर त्याचं खातं माझ्या देखरेखीखालचं होतं. ते नीट लावायला मला दोन शनिवार लागले होते. कोणत्या वयाचे व्हिडिओ दिसावेत याच्या तीन पायऱ्या असतात, त्यातली कुठली निवडायची. नको असलेलं चॅनल कसं अडवायचं. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होणं कसं थांबवायचं. हे सगळं मी एकेक करून शिकले. खातं गेलं आणि त्याच्याबरोबर मी घातलेलं कुंपणही गेलं. व्हिडिओ मात्र तिथेच आहेत, लॉग-इन न करता कुणीही पाहू शकतं. अठरा वर्षांवरच्यांसाठी म्हणून खूण केलेले तसे दिसत नाहीत हे खरं, पण अकरा आणि अठरा यांच्यामध्ये केवढं अंतर आहे!

मग पुन्हा शिकायला बसले. खात्याशिवायही ब्राउझरमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सोय, लावता येतो, पण तो त्या ब्राउझरपुरताच. टॅबवर लावला म्हणजे बैठकीतल्या लॅपटॉपवर लागला असं होत नाही. घरात तीन यंत्रं, म्हणजे तीनदा तेच करायचं. त्यातच १९ डिसेंबरला शाळा सुटली आणि इथली उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागली. व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी शाळांत २०२० पासून शाळेच्या वेळात मोबाइल वापरायला बंदी आहे, त्यामुळे शाळा असते तेव्हा दिवसाचे सहा तास तरी निर्धास्त जातात. सुट्टीत ते सहा तासही घरावरच येतात.

या दिवसांत मला माझ्या आईची फार आठवण येत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सरकारी नोकरीत एमएस-सीआयटी आवश्यक झाली तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती आणि मी अकरावीत होते. आम्ही दोघी एकाच बॅचला जात होतो. तिला माउस धरता येईना, बाण पडद्याबाहेर पळून जायचा, आणि मागच्या बाकावरची मुलं हसायची. घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलावर काड्यापेटी ठेवून ती माउससारखी फिरवायची. परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. त्यानंतर सायबर कॅफेत मी काय करते हे ती विचारायची तेव्हा मला खोटं बोलता यायचं नाही, कारण तिला आता समजत होतं. तिने मला कधीही ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही. ‘मलाही ने’ म्हणाली.

थोरलीच्या बाबतीत मी तेच करायचं ठरवलं. कायद्याच्या त्या यादीत चॅटबॉट, म्हणजे प्रश्न टाइप केला की माणसासारखं उत्तर देणारे एआय, नव्हते, आणि इन्स्टाग्राम गेल्यावर तिचा बराच वेळ तिकडे जाऊ लागला. आधी गृहपाठासाठी, मग मैत्रिणीशी बिनसलं तर सल्ल्यासाठी. हे दुसरं कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. रागावले असते तर तिने दार लावून घेतलं असतं. मी म्हटलं, मलाही दाखव, मला येत नाही.

आम्ही दोघींनी मिळून चॅटबॉटला आमच्या गावच्या जत्रेबद्दल विचारलं. कारण तिथलं खरं काय ते मला माहीत होतं. उत्तर झोकात आलं. भाषा सफाईदार, कुठे अडखळणं नाही. देव चुकीचा, महिना चुकीचा, आणि एक प्रथा तर आमच्याकडे कधी नव्हतीच. लेक बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मैत्रिणीबद्दल सांगितलं तेसुद्धा असंच असेल?" तिला हे मी शंभरदा बजावलं असतं तरी पटलं नसतं. त्या रात्री तिने मैत्रिणीचं सगळं मला सांगितलं. आम्ही साडेअकरापर्यंत बोलत होतो.

तुमच्याकडेही हे येतंय. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची पडताळून घेतलेली संमती हवी असं म्हटलं आहे. म्हणजे मुलाच्या फोनवरून तुमच्याकडे विचारणा येणार, आणि ‘हो’ की ‘नाही’ ते तुम्हाला सांगावं लागणार. मावसबहिणीला मी हेच म्हटलं, की तू आत्तापासून त्याच्याशेजारी बस. तो काय खेळतो ते एकदा खेळून बघ, हरलीस तरी चालेल. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मला ते येईल का गं?" तिला मी आमच्या आईची काड्यापेटी सांगितली.

आईला रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल करतो. इथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि तिच्याकडे दुपारचा दीड. गेल्या रविवारी तिने एक व्हिडिओ पाठवला होता. एक डॉक्टर मधुमेहावरचं औषध विकत होते आणि आईने ते जवळजवळ मागवलंच होतं. लेकीला तो बनावट वाटला. तिने आपला पडदा आजीला दाखवला, व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेला.

"आजी, ओठांकडे बघ. आवाज आणि ओठ जुळतात का?"

"थांब, चष्मा बदलते," आई म्हणाली. "आणि परत पहिल्यापासून लाव. तू फार भराभर जातेस."

धाकटाही खुर्ची ओढून जवळ आला.