काळी दोन

पियानो लावायचं काम मी वडिलांकडून शिकलो. ते तबला वाजवायचे आणि पोटापाण्यासाठी पियानो लावायचे. मी तबला सोडला, पियानो धरून ठेवला. या धंद्यात किती घरांत गेलो याची मोजदाद नाही, पण ६ डिसेंबर २०१२ चा गुरुवार मात्र लख्ख आठवतो.

सकाळी दादरला उतरलो तर पुलावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. चैत्यभूमीला निघालेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर बोचकी, हातात निळे झेंडे. इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकाला द्यायची घोषणा आदल्याच दिवशी संसदेत झाली होती, त्यामुळे 'जय भीम'ला त्या सकाळी निराळीच धार होती. सगळा लोंढा पश्चिमेला चाललेला आणि मी हत्यारांची पिशवी छातीशी धरून पूर्वेला, पारशी कॉलनीत.

तिथे एक पारशी गृहस्थ राहायचे. पंच्याहत्तरीच्या घरातले. मी त्यांना अंकल म्हणायचो. अमेरिकेतला जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक म्हणजे त्यांचं दैवत. ब्रूबेकचा वाढदिवस ६ डिसेंबरला, म्हणून दरवर्षी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे चार-पाच मित्र जमायचे, आणि त्याच दिवशी सकाळी मी पियानो लावून द्यायचा हा ठरलेला शिरस्ता. त्या वर्षी त्याला ९२ वर्षं पूर्ण व्हायची होती.

अंकलनी दार उघडलं. डोळे सुजलेले. "गेला रे तो. एक दिवस थांबला नाही." कनेक्टिकटमध्ये, मुलासोबत हृदयाच्या डॉक्टरकडे जाताना वाटेतच गेला. आमच्याकडे रात्री बातमी आली होती.

मी म्हटलं, "अंकल, मग आजचं राहू दे का?"

"नाही. आज तर बरोब्बर लाव."

पियानो जुना, उभा. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, आतल्या फेल्टला, म्हणजे दाबलेल्या लोकरीला, कसर लागते, म्हणून आत कायम एक बल्ब पेटता ठेवलेला. पियानोच्या मधल्या भागात एकेका सुराला तीन-तीन तारा असतात. दोन तारांत रबरी पाचर घालून त्या गप्प करायच्या, तिसरी लावायची, मग बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. तारा जुळल्या नसतील तर आवाज हेलकावे खातो. तो हेलकावा संथ होत होत थांबतो, तेव्हा सूर लागला. तानपुरा लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मधल्या सप्तकाच्या खालची काळी दोन, म्हणजे त्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी, काही केल्या टिकेना. लावली की पाच मिनिटांत उतरायची. तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती पिन सैल झाली होती. मी पुढची फळी काढून आत पाहिलं आणि इतकी वर्षं नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टवर तारांचे चरे पडतातच, पण काळी दोन, काळी तीन आणि काळी पाच या तिघींवरचे चरे बाकीच्यांच्या दुपटीने खोल होते. अर्धा पियानो जवळजवळ कोरा आणि या तीन जागा पार झिजलेल्या. ब्रूबेकच्या गटाच्या 'टेक फाइव्ह'चा पायाच तो. १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेली ती पाच मात्रांची धून पॉल डेझ्मंडने रचली. त्याचा सॅक्सोफोन वर फिरत असतो आणि ब्रूबेक खाली तेच तेच स्वर-गुच्छ धरून बसतो. अंकल कित्येक वर्षं ते खालचंच वाजवत आले होते.

फेल्ट घासून सारखं करायला मी पॉलिश पेपर काढला. त्यांनी माझा हात धरला. "ते नको. सूर लाव, पण ते राहू दे."

मी पेपर पिशवीत ठेवला. कारागीर म्हणून मला ते पटायला नको होतं, पण पटलं. पिनेला जाड कागदाची पट्टी गुंडाळून काळी दोन कशीबशी धरून ठेवली.

संध्याकाळी यायचे ते मित्र दुपारीच आले. चौघे. एक बाई होत्या, त्यांनी येताना रजनीगंधा आणलेली. ती पियानोवर न ठेवता त्यांनी रेकॉर्ड प्लेअरशेजारी ठेवली. १९५८ साली ब्रूबेक मुंबईत आला होता, सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवलं होतं, तेव्हा हे सगळे कॉलेजात. एकाला त्याचा ड्रमर जो मोरेलो याचे हात आठवत होते, दुसऱ्याला फक्त ब्रूबेकचा चष्मा. मग कुणीतरी युजीन राइटची गोष्ट काढली. बास वाजवणारा राइट काळा. १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांनी सांगितलं, गोरा वादक आणा. ब्रूबेकने ऐकलं नाही. २५ पैकी २३ कार्यक्रम गेले, राइट राहिला. हे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज चढला. लांबून स्टेशनाकडच्या घोषणा येत होत्या. अंकलनी खिडकी बंद केली नाही.

मग ते पियानोवर बसले. त्यांच्यातला सॅक्सोफोन वाजवणारा मित्र आधीच वारला होता, त्यामुळे वरची धून वाजवणारं कुणी नव्हतं. अंकलनी नुसतं खालचं धरलं, बाकीचे टाळ्या देऊ लागले. मीही दिल्या. माझा हात चुकत होता, कारण अंगात झपताल भिनलेला, दोन-तीन, दोन-तीन. इथे उलटं: तीन-दोन, तीन-दोन. बाईंनी माझ्याकडे बघून मोठ्याने मोजायला सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या फेरीला मी बसलो. वर कुणीच वाजवत नव्हतं, तरी सगळ्यांना ती धून ऐकू येत होती. त्यांच्या माना तशा हलत होत्या. काळी दोन शेवटपर्यंत उतरली नाही.

निघताना अंकल पैसे मोजून देत म्हणाले, "पुढच्या वर्षी हीच तारीख."

गाडीत पांढरा सदरा घातलेल्या एका आजोबांनी सरकून मला चौथी सीट दिली. मी वही काढून लिहिलं: पारशी कॉलनी, ६ डिसेंबर. काळी दोन, जाड पिन न्यायची. फेल्टला हात लावायचा नाही.